आधी सतरंजीवर पडून बघ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं, सोबत देवळाच्या मंडपाच्या छतासाठी काढलेलं चित्रही. चार दिवस ते माझ्या टेबलावर उघडं पडलंय आणि येता-जाता मी त्याच्याकडे बघतोय. विश्वरूपदर्शनाची मांडणी सुरेख झाली आहे. अर्जुनाचे जोडलेले हात, घोड्यांच्या वळलेल्या माना, कडेला दाटलेले देव. हात सुटलाय तुझा. पण काल मी ते उचललं, स्टुलावर चढलो आणि माझ्या खोलीच्या छताला चिकटवलं. या वयात स्टुलावर चढल्याबद्दल घरात व्हायचा तो आरडाओरडा झाला. मग खाली गादीवर आडवा होऊन पाहिलं.

दारातून आत येणाऱ्याला तुझा कृष्ण सरळ दिसतो. दर्शन घेऊन परत फिरणाऱ्याला तो डोक्यावर उभा दिसेल. आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकून जी माणसं तीन-तीन तास कीर्तनाला बसणार आहेत, त्यांच्यासाठी तो जन्मभर आडवा. तू ते टेबलावर वाकून काढलंयस, आणि टेबलाला खालची बाजू असते. छताला नसते.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पेन्सिल खाली ठेव आणि त्या मंडपात जा. दुपारी जा, रात्री दिवे लावून जा. देवस्थानची सतरंजी मागून घे आणि तिच्यावर चक्क उताणी पड. आधी मधोमध, मग दाराशी, मग गाभाऱ्याच्या उंबऱ्यापुढे, मग बायका बसतात त्या बाजूला. प्रत्येक जागी दहा मिनिटं. विश्वस्तांना विचित्र वाटेल, वाटू दे. छत तुझ्या डोळ्यांपासून नक्की किती लांब आहे, कुठला भाग खांबांमागे जातो, कुठे उजेड पोचतच नाही, हे दहा मिनिटांत कळतं. कागदावर ते कधीच कळत नाही.

आपल्याकडे छत रंगवायची जुनी कल्पना चांदव्याची आहे. मंगलकार्य असलं की डोक्यावर कापड ताणायचं, मधे फूल, कडेनं झालर, चार कोपऱ्यांना काहीतरी. अजिंठ्याला तू कॉलेजच्या सहलीत गेली होतीस, पण मला ठाऊक आहे, सगळे जण पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे राहतात आणि परत येतात. पुन्हा जा. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात शिरून फक्त वर बघ. दुसऱ्या लेण्यात एकात एक वर्तुळांचं मोठं पद्म आहे, त्याभोवती हंसांची रांग आहे, कोपऱ्यांत उडणारे गंधर्व बसवलेत. कापडावरची नक्षी असावी तसं सगळं. पहिल्या लेण्याच्या छतात चौकटीच चौकटी आहेत. कुठे कमळांच्या तळ्यातून उधळलेला हत्ती, कुठे झुंजणारे बैल, कुठे टोप्या घातलेले परदेशी लोक पेले धरून बसलेत. एकेक चौकट सुटी, तिला जिकडून पाहायचं तिकडून पाहा. जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या, लांबलचक गोष्टी मात्र भिंतींवर आहेत, डोळ्यांसमोर, जिथे माणूस चालता चालता वाचू शकतो. ज्यांनी ते ठरवलं त्यांना माणसाची मान किती वेळ वर राहते ते नीट माहीत होतं.

तू म्हणशील, आंध्रातल्या लेपाक्षीला वीरभद्राच्या मंदिरात तर छतभर गोष्टीच आहेत. आहेत, आणि अप्रतिम आहेत. पण तिथेही त्या पट्ट्यांमध्ये वाटून दिल्यात. माणूस मंडपातून चालत जातो आणि पट्टी त्याच्यासोबत पुढे सरकते. बसून ऐकायच्या मंडपात ती सोय नाही. तुझ्या मंडपात लोक बसणार आहेत, भजन करणार आहेत, लग्नं लावणार आहेत. त्यांचं लक्ष समोर असणार आणि तसंच असायला हवं. छतानं त्यांच्यावर फक्त धरून राहायचं आहे, चांदव्यासारखं. अभंग लांबला, कुणाचं लक्ष क्षणभर उडालं, मान वर गेली, तर तिथे काहीतरी गोड सापडावं, एवढंच. विश्वरूप भिंतीवर घे. गाभाऱ्याच्या समोरची, दारावरची भिंत मोकळी आहे असं तुझ्या फोटोत दिसतंय. परत फिरणाऱ्या माणसाला ते तिथे सरळ, समोर आणि नेमकं दर्शनानंतर भेटेल.

खालून बघायला विसरण्याची चूक लहान माणसांचीच असते असंही नाही. मायकेलअँजेलो व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर १५०८ साली चढला. त्यानं सुरुवात बायबलातल्या नोहाच्या प्रसंगांपासून केली, आणि प्रलयाच्या चित्रात बारीक बारीक माणसांची एवढी गर्दी केली की खालून ती मुंग्यांसारखी वाटते. अर्ध्या कामानंतर परांची हलली, त्यानं खालून पाहिलं, आणि उरलेल्या अर्ध्यात आकृत्या मोठ्या झाल्या, गर्दी कमी झाली. आदामाच्या बोटाला बोट लावणारा देव त्या दुसऱ्या अर्ध्यातला आहे. (तो पाठीवर पडून रंगवायचा ही दंतकथा. उभा राहून, मान मागे टाकून रंगवायचा. हाल किती झाले यावर त्यानं स्वतः कविता केली आहे.) त्याला अर्धं छत रंगवल्यावर जे कळलं ते तू सतरंजीवर फुकटात शिकून घे.

आता हिशोब. तुझं छत अठरा फुटांवर, बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून तीन फुटांवर. उरले पंधरा फूट. एवढ्या अंतरावरून दीड मिलिमीटरहून जवळ असलेल्या दोन रेघा डोळ्याला वेगळ्या दिसतच नाहीत, एकच दिसतात. तुझ्या चित्रातली पाकळ्यांच्या आतली ती नाजूक शिरांची जाळी खालून नुसता करडा डाग होईल. पाकळीला दोन शिरा पुरेत, पण बोटभर रुंद. बाहेरची रेघ त्याहून जाड, आणि तिच्या आतून एक उजळ फट सोडायची, म्हणजे रंग रंगाला चिकटत नाही. जवळून हे भसाडं दिसेल. वर परांचीवर चढलेला प्रत्येक पाहुणा म्हणेल, जरा जाडंभरडं नाही वाटत? त्याला खाली पाठव.

मोजमापाचं एक सांगतो, कारण यात मी स्वतः दोनदा फसलो आहे. कुठलीही खोली काटकोनात नसते. कंत्राटदार शपथ घेईल, तरी नसते. तुझ्या चाळीस बाय चोवीस फुटांच्या छताचे दोन्ही कर्ण जवळजवळ ४६ फूट ८ इंच यायला हवेत. दोन माणसं, एक न ताणणारी दोरी, आणि मोज. दोन कर्णांत इंच-दोन इंचांचा फरक निघणारच. तो फरक नक्षीत मिसळायला जाऊ नकोस. शेवटी भिंतीलगत एका रंगाची साधी पट्टी ठेव आणि सगळी वाकडेगिरी तिला सोसू दे. ती एका टोकाला पाच इंच आणि दुसऱ्या टोकाला सात इंच असली तर कुणाच्या बापाला कळत नाही. तीच गडबड हंसांच्या रांगेत झाली की शाळकरी पोरगं बोट दाखवतं. कर्ण जिथे छेदतात तो मध्य. तिथून गेरूत भिजवलेली दोरी ताणून फटका मारायचा आणि छत खणांत वाटून घ्यायचं. कडेची वेल आखताना आधी चारही कोपरे सोडव, मग मधलं अंतर वेलीच्या वळणांनी भागून वळण थोडं लांबव किंवा आखूड कर. मधून सुरुवात केलीस तर कोपऱ्यात अर्धं फूल उरेल आणि ते अर्धं फूल तुला झोपू देणार नाही.

खाक्याची पद्धत तू वर्गात केली आहेस, भिंतीवर. छतावर ती वेगळी वागते. कागदावर पूर्ण मापाचं चित्र, रेघेवर सुईनं जवळजवळ टोचे, हे तेच. टोचून झालं की कागद उलटा करून मागे निघालेली कुसळं बारीक पॉलिश पेपरनं घासून टाक, नाहीतर भोकं परत मिटतात आणि निम्मी रेघ उमटत नाही. मग जुन्या मलमलीची पुरचुंडी, तिच्यात कोळशाची वस्त्रगाळ पूड. दोघांनी कागद छताला दाबून धरायचा आणि तिसऱ्यानं पुरचुंडी टिपत जायची. टिपत, घासत नाही. घासलीस तर रेघेऐवजी ढग येतो. तोंडावर रुमाल आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण त्यातली निम्मी पूड तुमच्यावर पडते. आमच्या वेळी संध्याकाळी खाली उतरलो की चहावाला विचारायचा, आज कुठल्या इंजिनात होता? कागद काढला की वर काळ्या मुंग्यांची रांग दिसते. लगेच पातळ गेरूनं ती रेघ जोडून घ्यायची आणि कोरड्या फडक्यानं कोळसा झटकून टाकायचा. तो राहिला की वरचा पिवळा रंग मळतो, आणि मळका पिवळा खालून हिरवट दिसतो. तोच खाका उलटा धरला की समोरच्या बाजूची आरशातली वेल तयार. पद्म आठ पाकळ्यांचं असेल तर एका पाकळीचा खाका पुरतो.

हे सगळं ज्याच्यावर करायचं त्या पृष्ठभागाबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ आहे: 'स्लॅब तयार आहे.' पोरी, ही ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला.

मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. कोकणातल्या एका गावचं देऊळ, नाव सांगत नाही. नवा स्लॅब, सिमेंटचा गिलावा, आणि समितीला भाद्रपदाच्या आत सगळं हवं. मीही घाईत, कारण पहिलं मोठं काम आणि पुढचा हप्ता त्यावर. गिलाव्याला दोन महिनेही झाले नव्हते. वर तेलाचं अस्तर मारलं आणि तेलरंगात आकाश रंगवलं, निळं, ढगांसकट. लोक खूश झाले. श्रावण सरता सरता निळा रंग बोटाला चिकटायला लागला, मग फुगला, मग पापुद्रे सुटले. ओल्या, ताज्या सिमेंटमध्ये क्षार असतो आणि तेलाला क्षार भेटला की त्याचा साबण होतो. अक्षरशः साबण, आजी करायची तसा. महाप्रसादाच्या पंगतीत एका म्हाताऱ्या बाईनं वरणातून निळा पापुद्रा बोटानं अलगद काढला, पानाच्या कडेला ठेवला आणि मला विचारलं, “हा पण प्रसादाचा का रे?” हसली नाही, रागावली नाही. मी त्या पंगतीत वाढत होतो.

तेव्हा तीन गोष्टी कर. पहिली, गच्चीवर जा. छत खालून जितकं मरतं त्याहून जास्त वरून मरतं. वॉटरप्रूफिंग झालंय का विचार, आणि झालंय म्हणाले तरी दोन दिवस गच्चीवर पाणी साठवून ठेवायला लाव आणि खालून बघत राहा. दुसरी, दीड फुटाचा चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा छताला लावून चारही कडा टेपनं बंद कर. रात्रभर ठेव. सकाळी आतल्या बाजूला दव असेल तर स्लॅब अजून पाणी सोडतोय. एका जागी नाही, पाच-सहा जागी हे कर. तिसरी आपल्या स्वयंपाकघरातली: पांढरं फडकं ओलं करून त्यावर हळद चोळ आणि गिलाव्यावर दाबून धर. क्षार असेल तर हळद लाल होते, कुंकवासारखी. लालभडक झाली तर थांब. तेलरंगाचा तर विचारही नको. ॲक्रिलिक बरंच सोसतं, तरी आधी क्षार अडवणारा प्रायमर हवाच. आणि या तिन्ही गोष्टींचा निकाल समितीला लेखी कळव. तोंडी नाही.

चुन्याचा गिलावा करून घ्यायला समिती तयार असेल तर सोन्याहून पिवळं, पण मुरवलेला चुना आणि तो घोटणारा गवंडी दोन्ही मिळायला हवेत. आणि चुन्यावर जाशील तर रंग निवडून घे. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ, अल्ट्रामरीन निळा हे चुन्याशी जमवून घेतात. प्रशियन निळा जमवत नाही, चुना त्याला खाऊन टाकतो. अजिंठ्याचं काम चुन्यात मुरवलेलं नाही हेही लक्षात ठेव. तिथे कातळावर चिखलाचा लेप आहे, भाताचं तूस आणि गवताचे धागे घालून केलेला, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि सुकल्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग. त्या चिखलात काय घातलं यावरसुद्धा पुढच्या दीड हजार वर्षांचा फरक पडला. वेरूळच्या लेपात गांजाच्या झाडाचे तंतू सापडल्याचं २०१६ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं. तिथे किडीचा त्रास फारसा नाही. अजिंठ्याच्या लेपात ते नाहीत आणि तिथे किडीनं पुष्कळ पोखरलंय.

आणखी एक धडा तिथलाच. गेल्या दोन शतकांत अजिंठ्याच्या चित्रांवर रोगण चढवलं गेलं, चांगल्या हेतूनं, रंग उठून दिसावेत म्हणून. ते पिवळं पडलं, धूळ धरून बसलं, आणि पुढच्यांना काढत बसावं लागलं. तुला समितीतलं कुणीतरी म्हणेलच, वरून एक चकचकीत हात मारा ना, धुता येईल. मारू नकोस. चकाकणाऱ्या छतात चित्र दिसत नाही, खालच्या दिव्यांची प्रतिबिंबं दिसतात.

दिव्यांवरून आठवलं. छताला स्वतःचा उजेड नसतो, जमिनीवरून उसळलेला असतो. तुमच्याकडे कोटा फरशी आहे, ती हिरवट उजेड वर टाकते. सप्ताहाला तिच्यावर लाल जाजम अंथरलं की तेच छत तांबूस होतं. माझ्या एका कामात मी फिकट गुलाबी कमळं केली होती, रोज छान दिसायची. उत्सवाच्या दिवशी जाजम पसरलं आणि सगळी कमळं पुसल्यासारखी गेली. फक्त देठं उरली. तेव्हा जाजम अंथरून, तेच दिवे लावून नमुना बघ. नमुना म्हणजे चार फुटांचा प्लायवूडचा तुकडा, त्याच मापाची नक्षी, तेच रंग, आणि तो दोरीनं वर खेचून छताला टेकवायचा. परांचीवर बल्बखाली कालवलेला रंग खालून एक घर उतरतो, त्यामुळे वर तुला जरा भडक वाटेल तिथेच थांब. आणि पंखे! तुझ्या चित्रात एकही पंखा नाही. मंडपात आठ तरी असणार. फिरणाऱ्या पात्यांमागे बारीक नक्षी थरथरते, डोकं दुखतं. हुक कुठे आहेत ते आधी आखून घे आणि तिथे सपाट रंगाची चकती ठेव. पद्माच्या मध्यातून झुंबर लोंबणार असेल तर उत्तमच, मध्य तसाही झाकलेला असतो.

भिंतींबद्दल थोडक्यात. जमिनीपासून चार फुटांपर्यंत चित्र नेऊ नकोस. लोक टेकून बसतात आणि डोक्याला तेल असतं. तो भाग दगडाचा ठेव, किंवा जमलं तर कावकामाचा. गोव्यात आणि कोकणात काही देवळांवर अजून दिसतं: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर आणि तो खरवडून पांढरी नक्षी काढलेली. रंग गिलाव्याच्या अंगातच असल्यानं पापुद्रा सुटायचं भय नाही. वरच्या भागासाठी बडोद्याला एक फेरी मार. गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी चार भिंती रंगवल्यात: गंगावतरण, मीरा, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध. १९३९ ते १९४६, येऊन-जाऊन, एकेक भिंत पुरी करत. चारही भिंतींचा स्वभाव वेगळा आहे, आणि दालनाची शांतता मात्र एकच. जवळच रावपुऱ्यात दिवाण तांबेकरांचा वाडा आहे, तिथली चित्रं अगदी दाटीची, गप्पिष्ट. बैठकीच्या खोलीला ती शोभतात. दोन्ही एकाच दिवशी बघ, म्हणजे मी काय म्हणतोय ते सांगावं लागणार नाही. परतल्यावर वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडाही बघून ये.

आता माणसं. तू लिहिलंयस की मदतीला वर्गातले दोघे मित्र येणार. येऊ देत, पण एक बोर्ड पेंटर शोध. फ्लेक्स आल्यापासून त्यांची कामं गेली, पण हात गेलेले नाहीत. दहा फूट लांब रेघ हातकाठीवर मनगट टेकवून एका दमात ओढणारा माणूस तुला आर्ट स्कूलमध्ये मिळणार नाही. माझ्यासोबत एक जण वीस वर्षं होता. ब्रशच्या दांड्यात अर्धा कापलेला रबरी चेंडू वाटीसारखा अडकवायची युक्ती त्याचीच, म्हणजे वर हात करून काम करताना रंग कोपरापर्यंत ओघळत नाही. त्याला पैसे तुझ्या मित्रांहून जास्त दे, कमी नाही.

आणि नावं लिही. दिल्लीत राष्ट्रपती भवनात अशोक हॉल होता, आता त्याला अशोक मंडप म्हणतात. त्याचं रंगवलेलं छत प्रसिद्ध आहे, मधे इराणचा बादशहा फतेह अली शाह शिकार करतोय. बाकीचं छत १९३०च्या दशकात व्हाइसरॉयची बायको लेडी विलिंग्डन हिच्या हौसेखातर तोमासो कोलोनेल्लो या इटालियन चित्रकारानं केलं असं सगळे सांगतात. त्याच्या हाताखाली तेवीस भारतीय चित्रकार होते. तेवीस! सांगताना नाव मात्र एकाचंच घेतलं जातं. त्याच्या थोडं आधी मुंबईच्या आपल्या जे.जे. आर्ट स्कूलच्या मुलांनी तिथले प्रमुख कॅप्टन सॉलोमन यांच्या हाताखाली दिल्लीच्या सचिवालयातली, नॉर्थ ब्लॉकची दालनं रंगवली होती. त्यातल्या अहिवासींचं, नगरकरांचं नाव तरी आपण घेतो. तू गाभाऱ्याच्या दारामागे, कुणाला न दिसणाऱ्या जागी का होईना, परांची बांधणाऱ्यापासून सगळ्यांची नावं लिहून ठेव. तिथे समितीची परवानगी लागत नाही.

समिती. एक जण देणगीदाराच्या वडिलांचा चेहरा वारकऱ्यांत घाला म्हणेल. घाल, हरकत नाही, जुन्या काळापासून चालत आलंय, फक्त करार करतानाच चेहऱ्यांची संख्या लिहून घे. एक जण तू मुलगी म्हणून परांचीवर चढणार का असं विचारेल. विचारलंच आहे म्हणतेस. त्याला उत्तर देत बसू नकोस, पट्टा आणि दोरी मात्र लाव, आणि हे मी तुझ्या मित्रांनाही सांगतोय. परांची लोखंडी नळ्यांची घे, फळ्या एकमेकींना बांधून. फळीपासून छताचं अंतर असं ठेव की उभं राहिल्यावर डोक्यावर हातभर जागा उरेल. जास्त उंचीच्या मित्राला वेगळी फळी. तासाभरानं खाली उतरून पाच मिनिटं जमिनीकडे बघत बसायचं. मानेचं दुखणं तिशीत कळत नाही, मला विचार.

वेळेचं गणित मात्र कच्चं ठेवू नकोस. माझ्या अनुभवात दाट वेलबुट्टी एक माणूस दिवसाला चार-पाच चौरस फूट करतो, आणि तुझं छत ९६० चौरस फुटांचं आहे. चौघांचे पन्नास दिवस धर. अस्तर, आखणी, खाके यांचे तीन आठवडे वेगळे. कलशारोहण अक्षय्य तृतीयेला आहे आणि मुहूर्त चित्रकारासाठी थांबत नाही. तेव्हा पौषात परांची चढली पाहिजे. सुरुवात गाभाऱ्यापासून लांबच्या, खांबाआडच्या कोपऱ्यातून कर. तिथे तुझा हात बसेल, आणि पहिल्या दोन खणांतल्या चुका खांब झाकेल. महिन्याभरानं एक दिवस काम बंद ठेवून मधल्या फळ्या काढायला लाव. परांचीवाला कुरकुर करेल, मजुरी मागेल. ती मजुरी कराराच्या वेळीच हिशोबात धर. त्या दिवशी तू सतरंजी घेऊन ये.

मी पण येईन. जमिनीवरून उठायला मला हात द्यावा लागेल, तेवढी तयारी ठेव.

तुझा,
सर

ता.क. कबुतरांचं विचारायचं राहिलं. वरच्या झरोक्यांना जाळी आहे का? नसेल तर रंगाच्या डब्याआधी जाळी आण.